बंडीचं चाक आणि पोहरादेवीची वाट

वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. पूर्वी लांबची कुटुंबं बंडीनं यायची, म्हणजे घरच चाकांवर. तट्ट्या, कंदील, घागर सगळ्यांना आठवतं. आम्ही म्हणतो, खरी तयारी चाकाची. लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवतात. पाणी ओतलं की ती आकसते, आरे घट्ट आवळते. पण चैत्राच्या उन्हात लाकूडही आकसतं, धाव ढिली पडते. आडरानात ती निसटली तर चाक उकललंच, लोहार कुठून आणणार? म्हणून मुक्कामाला पाणी लागलं की चाकं रात्रभर भिजवायची. लाकूड फुगतं, धाव पुन्हा बसते. बंडीत अंथरायला कडबा. परतेपर्यंत ते अंथरूण बैलांनी खाल्लेलं असायचं!