तारा, सितारा आणि चांदणी

नांदेडच्या एका शाळेंत आम्ही संस्कृत शिकवीत असतां ‘तारा’ ह्या शब्दाचे पर्याय विचारले होते. एका मुलानें ‘सितारा’ लिहिलें. ‘परकी शब्द’ असा शेरा मारून आम्ही त्याचा गुण कापला.

शेरा चुकीचा होता, हें फार उशिरां कळलें. ऋग्वेदांत ‘स्तृभिः’ असें रूप येतें. तें ताऱ्यांचेंच वाचक होय. त्यांतील आदि सकार गळून ‘तारा’ झाला; फारसींत तो टिकला, म्हणून ‘सितारा’. ग्रीक ‘अस्तेर’, लॅटिन ‘स्तेल्ला’ हींही त्याच कुळांतलीं. मराठवाड्यांत १९४८ पर्यंत निजामी अंमल. शाळांतून उर्दू चाले. आमच्या वडिलांच्या कानीं हीं दोन्ही भावंडें नित्य पडत, पण नातें त्यांस कोणी सांगितलें नाहीं.

स्लाव भाषांनीं मात्र हें घराणेंच सोडलें. पोलिश ‘ग्व्याझ्दा’ व रशियन ‘ज्व्येज्दा’ यांवरून पंडित ‘ग्वेज्दा’ असें मूळ रूप कल्पितात. (लेखीं न सांपडलेल्या रूपामागें ते तारकाचिन्हच घालतात, ही एक गंमत!) लिथुआनियन ‘ज्वैग्झ्दे’ त्याचा आप्त. उगमाविषयीं एकमत नाहीं. तथापि ‘चमकणें’ ह्या अर्थाचा धातु पुष्कळांस मान्य आहे.

आपली ‘चांदणी’ तरी काय निराळी? तिच्या मुळाशीं असलेल्या ‘चन्द्र’ शब्दाचा अर्थही चमकणाराच. हिंदींत ‘चाँदनी’ म्हणजे चंद्रप्रकाश. लातूरकडे गच्चीवर निजलेलीं मुलें मात्र चांदण्या मोजतात.

त्या मुलाचा एक गुण आमच्याकडे बाकी आहे.