उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर, टर्मिनलमधूनच
अजून उबुंटू २२.०४ वापरताय? २४.०४ वर जायला पेनड्राइव्ह लागत नाही, टर्मिनल पुरतं. बॅकअप घ्या, मग 'सुडो एपीटी अपडेट' आणि 'सुडो एपीटी अपग्रेड'. पहिली कमांड फक्त यादी ताजी करते, पॅकेजेस बसवते ती दुसरी. रीस्टार्ट करून 'सुडो डू-रिलीज-अपग्रेड' द्या.

मध्येच एखाद्या कॉन्फिग फाइलबद्दल विचारणा होते: तुमची ठेवू की नवी बसवू? नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. घाईत 'वाय' दाबू नका, आधी 'डी' दाबून फरक बघा.

एसएसएचवरून करत असाल तर १०२२ पोर्टवर जादा सर्व्हर सुरू होतो. कनेक्शन तुटलंच तर तिथून आत शिरता येतं. भारी सोय! फायरवॉलमध्ये तो पोर्ट मात्र उघडा हवा.

आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.