कॉपीराइट : नक्कल कुणाची, नाव कुणाचे?

कॉपीराइट कायद्याबद्दल अलीकडे दोन तक्रारी वारंवार कानावर येतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. वाचक म्हणतो, हवे ते पुस्तक बाजारात मिळत नाही, ग्रंथालयातली एकुलती एक प्रत हाताळून हाताळून फाटली आहे, आणि कुणी तिच्या पानांचे फोटो काढून चार जणांना पाठवले तर तो म्हणे गुन्हा! लेखक म्हणतो, माझी कविता शंभर ग्रुपवर फिरते आहे, खाली माझे नाव नाही, कुठे तर भलत्याचेच आहे, आणि दाद कुणाकडे मागायची तेच कळत नाही. एकच कायदा, पण वाचकाला तो जाचक वाटतो आणि लेखकाला दुबळा. मी कविता लिहितो आणि इतरांच्या कविता वाचतोही, त्यामुळे दोन्ही तक्रारी मला आपल्याच वाटतात. मला तर वाटते, दोन्हींचे मूळ एकच आहे. कायदा अजून प्रती मोजत बसला आहे. खरा प्रश्न मात्र प्रतींचा उरलेला नाही.

आधी कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात पाहू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहून झाले की हक्क आपोआप मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मूळ कायद्यात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे टिकत असे. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले. त्यांचे साहित्य १९९१ च्या अखेरीस सर्वांना खुले होणार होते. ते लांबावे म्हणून कायदा बदलला आणि १९९२ साली मुदत ६० वर्षांची झाली. ती टागोरांपुरती नव्हे, सगळ्यांसाठी वाढली. म्हणूनच १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ २०११ च्या १ जानेवारीपासून कुणालाही छापता येऊ लागली. पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम निघाले असेल, तर ही साठ वर्षे प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली आली, म्हणून ती २०१३ पासून मोकळी झाली.

पेटंटचा हिशेब वेगळा आहे. नवे औषध किंवा यंत्र शोधणाऱ्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे मक्तेदारी मिळते, त्यानंतर ती कृती सर्वांची होते. म्हणजे बघा, आज तीस वर्षांच्या कवीने एक चारोळी लिहिली आणि तो ऐंशी वर्षे जगला, तर ती चारोळी ११० वर्षे कुलपात राहणार. जीव वाचवणारे औषध मात्र वीस वर्षांत मोकळे!

आपल्याकडे पूर्वी नक्कल करणे ही चोरी नव्हती, सेवा होती. संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग उतरवून ठेवले, तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी काढली नव्हती. पण एक व्यवस्था त्या काळीही होती. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. कुठे ‘तुका’, कुठे ‘नामा’. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या रचनेत त्यांचे नाव. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो तो याच रीतीचा. नक्कल हजार जणांनी केली तरी नाव रचनेबरोबरच चालत जाई. आज नेमके उलटे झाले आहे. नक्कल करायला मनाई, आणि नाव मात्र पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडते.

कायद्याचे लक्ष प्रतीवर का, याचेही कारण आहे. तो छापखान्याच्या काळात घडला. तेव्हा प्रत काढायला यंत्र लागे, कागद लागे, भांडवल लागे. चोरून छापणारा म्हणजे धंदा करणारा, आणि त्याला पकडले की काम झाले. आता मोबाइलवर कविता नुसती उघडली तरी त्या यंत्रात तिची एक प्रत तयार होते. वाचणे आणि नक्कल करणे यांतली भिंतच पडली आहे. कायद्यातली शिक्षा मात्र जुन्याच हिशेबाची आहे : जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी केले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण तोवर माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो.

आता नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण घेतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी दुकाने लागतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुस्तकाची भूक म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. लांबून आलेली, पिशवीत शिदोरी बांधून आणलेली माणसे परत जाताना त्याच पिशवीतून पुस्तके नेतात. या वाचकांना सर्वांत हवे असतात ते बाबासाहेबांचे मूळ ग्रंथ. नागपूरचेच वसंत मून यांनी कष्टाने संपादित केलेले लेखन आणि भाषणांचे खंड राज्य शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले. पुढे मात्र अनेक खंड वर्षानुवर्षे मिळेनासे झाले. लाखो प्रती छापायचे ठरले, कोट्यवधींचा कागदही घेतला गेला, पण छपाई रेंगाळली. वर्तमानपत्रात याची बातमी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. वाचक तयार, कागद तयार, पुस्तक मात्र नाही!

आता कायद्याचे गणित पाहा. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०१७ च्या सुरुवातीला सर्वांसाठी खुले झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली निघाला, तो २०१८ पासून खुला झाला. पण ‘रिडल्स इन हिंदुइझम’ पहिल्यांदा छापले गेले १९८७ साली, शासनाच्या चौथ्या खंडात. तेव्हा त्याची मुदत २०४७ च्या अखेरीस संपणार. एकाच लेखकाचे एक पुस्तक कुणीही छापावे आणि दुसऱ्यासाठी आणखी कित्येक वर्षे थांबावे. हे दीक्षाभूमीवर आलेल्या वाचकाला कसे समजावून सांगणार? ज्या बाबासाहेबांनी लाहोरचे अधिवेशन रद्द झाल्यावर १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले आणि ज्याच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या, त्यांना तरी ही कुलपे रुचली असती का? वाचकांची अडचण थोडीफार दूर झाली ती डिजिटल मार्गानेच. केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाने या खंडांच्या पीडीएफ आपल्या संकेतस्थळावर ठेवल्या. छापखान्याला जे जमले नाही, ते संगणकाने केले.

ज्यांच्या मागे शासन नाही आणि समाजही नाही, अशा लेखकांचे काय? विदर्भातल्या कितीतरी कवींचे संग्रह एकदाच, पाचशे प्रतींचे निघाले आणि संपले. कवी गेले, वारस कुठे आहेत ते माहीत नाही. कुणी हौसेने असे पुस्तक पुन्हा छापू म्हटले, तर कायद्यात ३१-अ नावाचे कलम आहे. हक्कदार सापडत नसेल तर परवाना मागता येतो. पण अर्जाआधी देशाच्या बहुतांश भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते! पुस्तक मराठी, कवी वऱ्हाडातला, वारस असलाच तर एखाद्या तालुक्याच्या गावी, आणि त्याचा शोध इंग्रजी वर्तमानपत्रात. त्या जाहिरातीच्या खर्चात त्या पुस्तकाची अख्खी आवृत्ती निघेल. दार आहे, पण ते उघडण्यासाठी पुस्तकाच्या किमतीहून महाग किल्ली लागते.

पेटंटच्या बाबतीत असे दार एकदा खरोखर उघडले आहे. पेटंट अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण नक्कीच पाठ असेल. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे नेक्साव्हार हे बायर कंपनीचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते. मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. तेच औषध महिन्याला सुमारे ८,८०० रुपयांत मिळू लागले. मूळ कंपनीला विक्रीवर रॉयल्टीही ठरवून दिली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. शोधकर्त्याचे नाव गेले नाही, त्याचा वाटा गेला नाही आणि रोग्याला औषध मिळाले. कायदा असाही वागू शकतो.

कॉपीराइटमध्येही काही खिडक्या आहेत, त्या लोकांना माहीत नसतात. कलम ५२ प्रमाणे खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी, समीक्षेसाठी केलेला रास्त वापर हा हक्कभंग नाही. २०१२ साली तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांना देणे गैर नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. अंध वाचकांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात आणायला २०१२ च्या दुरुस्तीने मुभा मिळाली. या विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार सर्वांत आधी स्वीकारणारा देश भारतच, २०१४ साली.

आता लेखकाच्या बाजूने बोलतो. माझा पहिला संग्रह १९९८ साली निघाला. करार एका पानाचा, त्यात मुदत लिहिलेली नव्हती. पुढे ती प्रकाशन संस्था बंद पडली आणि उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. दुसरे प्रकाशक म्हणाले, आधीच्यांचे ना-हरकत पत्र आणा. ज्याचे दुकानच उठले, त्याचे पत्र कुठून आणायचे? नव्या लेखकांनी हे लक्षात ठेवावे : हक्क लिहून देताना करारात मुदत नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांचीच धरली जाते. आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर वर्षभरात प्रकाशकाने तो हक्क वापरला नाही की तो लेखकाकडे परत येतो. १९९५ नंतरच्या करारांना हे लागू आहे.

त्याहून मोलाचे आहे कलम ५७. हक्क विकून टाकला तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा आणि त्याची विटंबना रोखण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पाचे अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले, ते याच कलमाखाली. पण मोबाइलवरच्या आठ ओळींसाठी कोणता कवी उच्च न्यायालयात जाईल? माझ्या ओळींखालून माझे नाव जाते तेव्हा मला पैशाचे दुःख होत नाही. मराठी कवितेत पैसा होता कधी? दुःख याचे होते की मी त्या ओळींसाठी जागलेल्या रात्री कुणाच्याच राहत नाहीत. उलट, पु. ल. देशपांडे यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेले सुविचार रोज सकाळी येतात. हीदेखील नावाची चोरीच.

आता तर यंत्रेही वाचू लागली आहेत. लाखो पुस्तके आणि बातम्या वाचून उत्तरे देणाऱ्या संगणकी बुद्धिमत्तेविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. विद्यार्थ्याने दहा पानांचे फोटो काढले तर कैदेची भीती, आणि कंपनीने अख्खे ग्रंथालय वाचून घेतले तर त्यावर चर्चा, हे सामान्य माणसाला पटणारे नाही. कायद्यावरचा विश्वास उडतो तो अशा वेळी.

मग काय करावे? कायदा मोडीत काढा, असे मी म्हणणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीते लिहिणाऱ्यांना रॉयल्टीचा न विकता येणारा वाटा मिळाला. कायदा नसता तर तो मिळाला नसता. पण कायद्याने ‘प्रत कुणी काढली’ या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न विचारावेत. नाव पुसले गेले का? कुणाच्या पोटावर पाय आला का? वाचकाला दुसऱ्या मार्गाने पुस्तक मिळत होते का? बाजारात नसलेले पुस्तक नावासकट, नफा न घेता वाटणारा आणि नाव खोडून पैसे कमावणारा, हे दोघे एका पिंजऱ्यात उभे राहू नयेत. मराठी पुस्तकाच्या बेपत्ता वारसाचा शोध मराठी वर्तमानपत्रात आणि ग्रंथालय संघांमार्फत घेता यावा, एवढी दुरुस्ती तरी अवघड नसावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे, आणि तिला वकील लागत नाही. कविता पुढे पाठवताना कवीचे नाव ठेवा. नाव माहीत नसेल तर शोधा. सापडले नाही तर ‘कवी अज्ञात’ असे लिहा, पण भलत्याचे घालू नका. आणि पुस्तक दुकानात मिळत असेल, तर ते विकत घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)