यंत्राची दुसरी नजर

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावात साठीनंतर पुरुषांना लघवीचा त्रास सुरू झाला, की ‘वय झालं’ म्हणून तो अंगावर काढला जातो. बहुतेकदा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढच असते. पण या ग्रंथीचा कर्करोगही सुरुवातीला मुकाट वाढतो. रक्ताची पीएसए चाचणी इशारा देते, निदान करत नाही. जंतुसंसर्गानेही तो आकडा चढतो. म्हणून एमआरआय पाहून संशयाला 1 ते 5 गुण देतात आणि सुईने तुकडा काढायचा का, हे ठरवतात.

अडचण अशी, की हे गुण तज्ज्ञागणिक बदलतात. संगणक मात्र निदान ठाऊक असलेल्या हजारो प्रतिमांवरून घातक गाठीच्या खुणा शिकतो. 2024 मध्ये ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात अशी प्रणाली 400 रुग्णांच्या प्रतिमा वाचताना 62 रेडिओलॉजिस्टांच्या सरासरीपेक्षा सरस ठरली. ‘पण त्या प्रतिमा युरोपातल्या’, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे आपल्या रुग्णांवर पडताळणी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने प्रतिमांची पेढी उभारायला घेतली, तीही डोके-मान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगांपासून. प्रोस्टेटसाठीही तसेच व्हायला हवे. ‘आधी जिल्ह्यात एमआरआय तरी द्या’ हे म्हणणेही खरेच. पण एमआरआय यंत्र आले तरी प्रतिमा वाचणारा अनुभवी डोळा लागतोच, आणि तो तिथे दुर्मीळ असतो. निर्णय डॉक्टरचाच राहावा. संगणक ही दुसरी नजर. मात्र पहिले पाऊल रुग्णाचे आहे: त्रास लपवू नका, तपासून घ्या.