कवठे एक, ओळखी अनेक

सांगली जिल्ह्यात एसटीत नुसते ‘कवठे’ म्हणून तिकीट मागून भागत नाही. कंडक्टर विचारणारच, कुठलं? महांकालीचे देऊळ असलेले कवठे महांकाळ हे तालुक्याचे गाव. दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध असलेले कवठे एकंद तासगाव तालुक्यात, कवठे पिरान मिरज तालुक्यात. पुणे जिल्ह्यात शिरूरकडे गेलात तर कवठे येमाई. कवठाचे झाड सगळीकडे तेच. पुढे कुठे देवी, कुठे पीर.

कवठे महांकाळच्या शेजारच्या जत तालुक्यात कानडी ठळक होते. कानडीत ‘हळ्ळी’ म्हणजे गाव, आणि तिथे एका गावाचे नावच हळ्ळी! दानम्मादेवीच्या गुड्डापूरमधला ‘गुड्ड’ म्हणजे टेकडी. बुद्रुक-खुर्द ही जोडी फारसीकडून आली. कवठे महांकाळ तालुक्यातल्या अलकूड एम आणि अलकूड एस या गावांना तर चक्क इंग्रजी अक्षरे चिकटली आहेत. कागदोपत्री सोय झाली, पण ऐकायला रुक्षच.

भौगोलिक नावे हा अमूर्त सांस्कृतिक वारसा आहे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने २००७ मध्ये केला. मोठ्या गावांची नावे नकाशावर तरी टिकतात. शेतांच्या, माळांच्या, ओढ्यांच्या नावांना वाली नाही. गट क्रमांक आला की ती बोलण्यातून जातात. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे आणि पुष्कळदा तो कोराच असतो. तुमचा उतारा काढून पाहा. रकाना रिकामा असेल, तर घरातल्या जाणत्यांना आजच विचारून ते नाव लिहून ठेवा.