मागे सरकायला जागा आहे का?

पहिली फिक्स, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घेतली त्याच संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर गेलो. बांगड्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो, कॅमेरा डोळ्याला लावला आणि फ्रेममध्ये दुकानदाराचं डोकं, खांदे आणि दोन-चार तोरणं एवढंच दिसलं. दोन पावलं मागे सरकलो तर कमरेत स्कूटरचा आरसा रुतला. ‘ओ भाऊ, फोटो नंतर!’

लेन्स होती पन्नास मिलिमीटरची, एफ १.८. सगळे हीच घ्यायला सांगतात. सल्ला खोटा नाही, पण जुना आहे. पन्नासचं नाव झालं ते फिल्मच्या काळात, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीवर, म्हणजे आजच्या फुल फ्रेमवर. आज पहिला मिररलेस म्हणून आपण बहुधा एपीएस-सी सेन्सरची बॉडी घेतो. हा सेन्सर लहान असल्यामुळे तिथे पन्नासची नजर पंचाहत्तरसारखी अरुंद होते, कॅननवर तर ऐंशीसारखी.

हिशेब सोपा आहे. ३६ ला फुल फ्रेमच्या हिशेबातल्या मिलिमीटरनं भागा आणि अंतरानं गुणा. तीन मीटरवरून पंचाहत्तरला जेमतेम दीड मीटर रुंदी दिसते, चाळीसला पावणेतीन मीटरच्या आसपास. म्हणजे तोच बांगडीवाला, त्याचा गल्ला आणि समोर हात पुढे करून बसलेली बाईसुद्धा. लेन्स निवडताना लोक शार्पनेसचे तक्ते बघतात. मी आधी एवढंच विचारतो, तुमच्या पाठीमागे किती जागा असते?

बीबी-का-मकबऱ्यात हा प्रश्नच येत नाही. चारबाग एवढी मोठी, की पायवाटेवर हवं तितकं मागे जा. तिथे अडचण असते ती पांढऱ्याची. खाली नि घुमटाला संगमरवर, मधे गुळगुळीत गिलावा. कॅमेरा दचकून सगळं राखाडी करतो. एक्सपोजर थोडं वाढवलं की झालं. वेरूळला मात्र कैलासच्या प्रांगणात हत्तीसमोर उभं राहिलं की थोड्याच वेळात पाठ कातळाला टेकते. तिथे अठ्ठावीसची लेन्स हवी. लेण्या पश्चिमाभिमुख, त्यामुळे जायचं दुपार कलल्यावर.

या लेण्या पूर्वी टिपणाऱ्या छायाचित्रकारांना तर झूमचा पर्यायच नव्हता. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ साली आलेले मद्रास लष्करातले अधिकारी रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले. त्यांच्या स्टिरिओ छायाचित्रांचं पुस्तक १८६४ साली निघालं. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही वेरूळ टिपलं. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली ती १९५९ मध्ये, फोइग्टलेंडरची ‘झूमर’. तोवर सगळ्यांची झूम पायांतच होती.

दुसरी गोष्ट उजेडाची. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेणीत पद्मपाणीसमोर फ्लॅश चालत नाही, आणि चालूही नये. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते. एफ २ ची लेन्स तिच्या आठपट उजेड आत घेते. एकीला एक अष्टमांश सेकंद लागत असेल, तर दुसरीला साठावा भाग पुरतो. आता कुणी म्हणेल, बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे की! भिंतीवरच्या पद्मपाणीसाठी ते चालेलही, तो काही हलत नाही. रमजानमध्ये शहागंजला रात्री शेवया उचलून देणारा हात हलतो. तिथे स्टॅबिलायझेशन काही कामाचं नाही, ॲपर्चरच लागतं.

मग घ्यायची कोणती? या शहरासाठी माझं मत चाळीसला, आणि एपीएस-सीवर सत्तावीसला. फुजीची एक्सएफ २७ एफ २.८ अवघी चौऱ्याऐंशी ग्रॅमची; २०२१ च्या आवृत्तीत ॲपर्चर रिंग आली आणि धूळ-पाण्यापासून संरक्षणही. आपल्याकडे पाण्यापेक्षा धुळीचीच भीती जास्त. फुल फ्रेमवर निकॉनची चाळीस एफ २ (१७० ग्रॅम) किंवा सोनीची चाळीस एफ २.५ (१७३ ग्रॅम). कॅननवाल्यांनी अठ्ठावीस एफ २.८ बघावी, १२० ग्रॅमची. लहान सेन्सरवर ती पंचेचाळीसच्या घरात जाते. सोनीची २४-७० जीएम, नवी हलकी आवृत्ती धरूनसुद्धा, ६९५ ग्रॅम भरते. ती लग्नाला जाते, भाजी आणायला जात नाही.

एफ १.४ चा मोह मी टाळतो. मागचं सगळं ब्लर झालं, तर फोटो गुलमंडीचा आहे की पुण्याचा, कसं कळायचं?

सेकंड हँड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स परत द्या. दोन-चार बारीक कण असले तर बिघडत नाही.

आणि घेण्याआधी एक रविवार काढा. किट लेन्स सत्तावीसवर आणा, रिंगवर चिकटपट्टी मारा आणि सिटी चौक ते पैठण गेट पायी जा. (बटणावर चालणाऱ्या पॉवर झूमवाल्यांना हे जमणार नाही, कॅमेरा बंद केला की ती पुन्हा रुंद टोकाला जाते.) घरी येऊन फोटो बघा. चिकटपट्टी कितीदा काढावीशी वाटली, आणि कुठल्या बाजूला फिरवण्यासाठी, ते लिहून ठेवा. मी गेलो होतो तेव्हा दोनदा वाटली, दोन्ही वेळा रुंदीकडे.