जुन्या संगणकाला नवी खिडकी

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी एक आगळे आवाहन केले. कोरोनाच्या साथीत रोजगार गमावलेल्यांच्या अर्जांचा बेकारभत्त्याच्या यंत्रणेवर भडिमार झाला होता. ही यंत्रणा ज्या जुन्या मेनफ्रेम संगणकावर चाले, त्याची कोबोल ही भाषा जाणणाऱ्यांनी मदतीस यावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५९ मध्ये आकारास येऊ लागलेल्या या भाषेतील आज्ञावल्या बँका, विमा व शासकीय खात्यांत अद्याप चालतात, त्या हिशेब चोख ठेवतात म्हणून. अडचण बहुधा दाराशी असते. नागरिक ब्राउझरमधून येतो, प्रणाली मात्र कचेरीतील टर्मिनलची वाट पाहते.

आयबीएमने १९७१ मध्ये ३२७० मालिकेचे टर्मिनल आणले. त्याचा २४ ओळी व ८० स्तंभांचा, म्हणजे १,९२० अक्षरांचा पडदा सर्वत्र रूढ झाला. लिपिकाने रकाने भरून एन्टरची कळ दाबली की सारा मजकूर एकदम मेनफ्रेमकडे जाई. ब्राउझरमधील अर्जही असाच चालतो. तेव्हा ही सोयरीक दिसते तितकी विजोड नाही.

पहिला मार्ग म्हणजे तोच पडदा ब्राउझरमध्ये उघडणे. यास खर्च थोडा, वेळही थोडा. संकेताक्षरे मुखोद्गत असलेल्या कर्मचाऱ्यांना हे पुरते; सामान्य अर्जदाराला नाही.

दुसऱ्या मार्गात मध्यस्थ आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून त्याचे सुबक पृष्ठ करते. मूळ प्रणालीस हात लावावा लागत नाही, म्हणून हा मार्ग अधिकाऱ्यांना मोहवितो. परंतु मध्यस्थ वाचतो ते बहुधा जागेवरून: अमुक ओळ, अमुक स्तंभ. उद्या कोणी मूळ पडद्यावर एक रकाना सरकविला, तर रकमेच्या जागी भलताच आकडा उमटू शकतो. आणखी एक खोच अशी की, ब्राउझरमध्ये ‘मागे’ जाण्याचे बटण असते. अर्जदार एक पृष्ठ मागे जातो, पण मेनफ्रेम पुढच्याच पडद्यावर उभा असतो. ही चुकामूक सावरण्याची तजवीज मध्यस्थात नसेल, तर एकाचा अर्ज अर्धवट राहतो, दुसऱ्याचा दोनदा नोंदला जातो.

तिसऱ्या मार्गात पडदा वगळून थेट हिशेबाच्या आज्ञावलीस हाक मारतात. तेच पृष्ठ, तोच भ्रमणध्वनी, तीच अन्य खाती यांना मग एकच सेवा पुरते. मात्र जुन्या आज्ञावल्यांत पडदा व हिशेब एकमेकांत गुंतलेले असतात. ते सोडविण्यास वेळ लागतो. सबंध प्रणाली नव्याने लिहिणे हा चौथा पर्याय बोलावयास सोपा, पार पाडावयास सर्वांत जोखमीचा.

माझ्या मते कर्मचाऱ्यांसाठी पहिला आणि जनतेसाठी तिसरा मार्ग घ्यावा. दुसरा केवळ मुदत ठरवून, तात्पुरता. निविदा काढण्यापूर्वी कोणते पडदे खरोखर वापरात आहेत याची यादी करावी, आणि ती करताना निवृत्तीच्या उंबरठ्यावरील त्या एका लिपिकास शेजारी बसवावे, ज्याला प्रत्येक रकान्याचे कारण ठाऊक असते.